एमएस्सी कॉम्प्युटर सायन्स: प्रवेशापासून डिग्री हातात येईपर्यंत

चौथ्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर दिला त्या संध्याकाळी मी तलावपाळीवर भेळ खाल्ली आणि घरी फोन करून सांगितलं, "झाली एकदाची एमएस्सी." निकाल लागला तेव्हा माझ्या नावापुढे 'राखीव' असा शेरा होता, म्हणजे निकाल रोखून ठेवलेला. सगळे पेपर पास, प्रोजेक्ट पास, आणि डिग्री अडकलेली. दुसऱ्या सेमिस्टरच्या ओजेटीच्या (ऑन जॉब ट्रेनिंग, कंपनीत जाऊन करायचं काम) सर्टिफिकेटवर एकूण तास लिहायचे राहिले होते, म्हणून ते मार्क चढलेच नव्हते. दीड वर्षापूर्वीचा तो कागद दुरुस्त करून आणायला अडीच महिने गेले.

मी कळव्याची. कॉलेज ठाण्यातलं, मुंबई विद्यापीठाचं, आणि ओजेटी महाप्याला. ठाणे-वाशी-पनवेल पट्ट्यात एमएस्सी कॉम्प्युटर सायन्सला नुकताच प्रवेश घेतलेल्यांसाठी हे लिहितेय. आयकार्ड गळ्यात पडल्यापासून पुढचं सगळं इथे सांगते. अभ्यास कसा करायचा ते तुमचं तुम्ही बघा, त्यात माझा सल्ला घेण्यासारखे माझे मार्क नाहीत.

१. पहिल्याच आठवड्यात: तुमच्यावर नियम कुणाचे?

दोन प्रकारची कॉलेजं असतात. एक, साधं संलग्न कॉलेज: अभ्यासक्रम विद्यापीठाचा, परीक्षेचं वेळापत्रक आणि निकालही विद्यापीठाचाच. दुसरं, स्वायत्त कॉलेज: अभ्यासक्रम, पेपर, निकाल सगळं कॉलेज बघतं, पण डिग्री विद्यापीठच देतं. ठाण्यातलं बांदोडकर, वाशीचं कर्मवीर भाऊराव पाटील, नवीन पनवेलचं चांगू काना ठाकूर ही स्वायत्त कॉलेजं.

हे आधी का बघायचं? कारण निकालात घोळ झाला की कुणाच्या दारात उभं राहायचं ते यावरून ठरतं. स्वायत्त असेल तर कॉलेजचा परीक्षा विभाग, नसेल तर कॉलेजच्या ऑफिसातून अर्ज आणि मग कलिना, म्हणजे विद्यापीठाचा कॅम्पस. माझी एक मैत्रीण कुर्ल्याला उतरून, बसच्या गर्दीतून कलिन्याला पोचली आणि तिथे तिला कळलं की तिचं काम तिच्या कॉलेजच्या तळमजल्यावरच होतं.

दुसरी गोष्ट, तुमच्या बॅचचा अभ्यासक्रम डाउनलोड करून ठेवा. आपल्याकडे २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांना नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं. त्याआधीच्या सीनियरने दिलेल्या नोट्स चालतील, त्याने सांगितलेले नियम चालणार नाहीत. मार्कांची विभागणी, पासिंग, प्रोजेक्टचं वजन, सगळं बदललंय.

२. ८८ क्रेडिटचा हिशेब

क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन, तासांवरून ठरलेलं. दोन वर्षं, चार सेमिस्टर, प्रत्येकी २२ क्रेडिट. धोरणातला साचा असा:

पहिलं सेमिस्टर: मुख्य विषय १४, इलेक्टिव्ह (निवडीचा विषय) ४, रिसर्च मेथडॉलॉजी ४
दुसरं: मुख्य विषय १४, इलेक्टिव्ह ४, ओजेटी किंवा फील्ड प्रोजेक्ट ४
तिसरं: मुख्य विषय १४, इलेक्टिव्ह ४, रिसर्च प्रोजेक्ट ४
चौथं: मुख्य विषय १२, इलेक्टिव्ह ४, रिसर्च प्रोजेक्ट ६

थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३०. पहिल्या वर्षाचे ४४ क्रेडिट मिळवून थांबायचं असेल तर पदव्युत्तर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. चार वर्षांची ऑनर्स पदवी करून आलेल्यांना मास्टर्स एका वर्षाचं.

ओजेटी आणि रिसर्च प्रोजेक्ट मिळून १४ क्रेडिट होतात, म्हणजे साधारण सहावा हिस्सा वर्गाच्या बाहेर कमवायचा आहे. मुलं नेमकी इथेच अडकतात. पेपरला घंटा वाजते, पर्यवेक्षक उत्तरपत्रिका काढून घेतो. ओजेटीला घंटा नसते.

एसजीपीए, म्हणजे सेमिस्टरची सरासरी, काढायला सोपा: प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, सगळ्यांची बेरीज, भागिले २२. समजा मुख्य विषयांच्या १४ क्रेडिटला ८ पॉइंट, इलेक्टिव्हला ९ आणि ओजेटीला ५ मिळाले. ११२ अधिक ३६ अधिक २०, एकूण १६८, म्हणजे ७.६४. तेच ओजेटीला ९ असते तर ८.३६. "ओजेटी काय, फॉर्मॅलिटी असते," असं म्हणणाऱ्याला ही बेरीज दाखवा.

एका वहीत किंवा शीटमध्ये चार रकाने करा: विषय, क्रेडिट, मार्क आले का, मार्कशीटवर दिसले का. शेवटचे दोन रकाने मुद्दाम वेगळे ठेवलेत. सरांनी मार्क दिले म्हणजे ते सिस्टिमला चढले असं होत नाही.

३. एबीसी, पीआरएन आणि तुमचं नाव

डिजिलॉकरमधून अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं काढावं लागतं. हल्ली त्यालाच अपार आयडी म्हणतात. बारा आकडी क्रमांक येतो. तुमचे क्रेडिट या खात्यात जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू असला पाहिजे. आमच्या वर्गात अर्ध्या मुलांचं आधार वडिलांच्या जुन्या नंबरला जोडलेलं होतं आणि तो नंबर कधीच बंद पडलेला. हे काम फॉर्मच्या शेवटच्या दिवशी काढू नका.

पीआरएन म्हणजे विद्यापीठाचा कायमचा नोंदणी क्रमांक, सोळा आकडी. दुसऱ्या विद्यापीठातून आला असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट जमा करून एलिजिबिलिटी, म्हणजे विद्यापीठाची पात्रतेची मंजुरी, मिळवायची. प्रवेश झाला म्हणजे एलिजिबिलिटी झाली असं समजू नका, ती तात्पुरती असते आणि ती पक्की होईपर्यंत तुमचा निकाल कधीही थांबू शकतो.

आता नाव. मार्कशीटवर आधी आडनाव, मग तुमचं, मग वडिलांचं, मग आईचं. आधारवर आधी तुमचं, आडनाव शेवटी, आणि आईचं नाव नसतंच. क्रम वेगळा असला तर चालतं, स्पेलिंग वेगळं असलं तर चालत नाही. पहिल्या सेमिस्टरचा फॉर्म भरताना आईचं नाव दहावीच्या मार्कशीटशी अक्षर अन् अक्षर जुळवा. मध्येच लग्न होऊन आडनाव बदलणाऱ्या मैत्रिणींना माझं सांगणं एवढंच: कोर्स पूर्ण होईपर्यंत कॉलेजात जुनंच नाव राहू द्या. मधेच बदललंत तर दोन मार्कशीट एका नावाच्या, दोन दुसऱ्या, आणि त्यांना जोडायला राजपत्र.

४. हजेरी, इंटर्नल, जर्नल

हजेरी ७५ टक्के. नोकरी करून शिकणाऱ्यांनी पहिल्याच महिन्यात विभागप्रमुखांना भेटून स्पष्ट बोलावं. ऑक्टोबरात मेडिकल सर्टिफिकेट घेऊन जाणाऱ्यांकडे ते कसं बघतात ते मी पाहिलंय.

इंटर्नल आणि लेखी परीक्षा, दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. इंटर्नलमध्ये असाइनमेंट, प्रेझेंटेशन, छोट्या टेस्ट येतात. इंटर्नलला नापास झालेली मुलं बहुतेक वेळा नापास नसतातच, त्या दिवशी आलेली नसतात.

जर्नलशिवाय प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत. प्रत्येक प्रॅक्टिकलचं उद्दिष्ट, कोड, आउटपुट, तारीख, सही. पुढे अनुक्रमणिका आणि विभागप्रमुखांच्या सहीचं सर्टिफिकेट. सह्या दर आठवड्याला घ्या. शेवटी एकदम वीस सह्या मागायला गेलात तर मॅडम प्रत्येक पान वाचतात, आणि वाचायला नकोत अशीच पानं तुमच्याकडे असतात.

एक सापळा इथे आवर्जून सांगते. मित्राच्या जर्नलमधला आउटपुट उचलताना स्क्रीनशॉटच्या वरच्या कोपऱ्यात बघा. टर्मिनलवर 'सी, युजर्स' याच्या पुढे लॅपटॉपच्या मालकाचं नाव असतं. आमच्या बॅचला अकरा जणांच्या जर्नलमध्ये एकाच मुलाचं नाव सापडलं. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी त्या मुलाला बोलावून विचारलं, "एवढी सगळी प्रॅक्टिकल तू एकट्याने केलीस का रे?" तो बिचारा "हो" म्हणाला. अकराही जणांना पुन्हा लिहावं लागलं.

५. ओजेटी: तास मोजा, कागद सांभाळा

ऑन जॉब ट्रेनिंग. चार क्रेडिट, क्रेडिटला तीस तास, म्हणजे १२० तास. रोज सहा तास धरले तर वीस दिवस. ठाण्यात वागळे इस्टेट, ट्रान्स-हार्बरवर ऐरोली, रबाळे, महापे, पुढे बेलापूर, आपल्या पट्ट्यात कंपन्यांना तोटा नाही. पण मोठ्या कंपन्यांच्या गेटवर बायोडेटा घेऊन उभं राहण्यात अर्थ नसतो, त्यांचं सगळं मुख्य ऑफिसातून ठरतं. मी महाप्याच्या एका पंधरा माणसांच्या ऑफिसात गेले आणि तिथे मला खरं काम मिळालं: जुन्या बिलांच्या डेटाबेसमधली दुहेरी नावं शोधून काढायची स्क्रिप्ट. चकाचक काचेच्या इमारतीत गेलेली माझी मैत्रीण महिनाभर एक्सेलच्या ओळी रंगवत होती.

सुरुवातीला कॉलेजकडून कंपनीच्या नावाचं पत्र घ्या. कॉलेजचा मार्गदर्शक आणि कंपनीतला मेंटर, दोघांची नावं आधी ठरलेली असू द्या. रोजची नोंदवही ठेवा: तारीख, आल्या-गेल्याची वेळ, काय केलं, मेंटरची सही. कंपनीचा कोड किंवा ग्राहकांचा डेटा रिपोर्टमध्ये टाकायच्या आधी लेखी परवानगी घ्या.

सर्टिफिकेटवर एवढं असलंच पाहिजे: कंपनीचं लेटरहेड, मार्कशीटप्रमाणे तुमचं नाव, सुरू आणि संपल्याची तारीख, एकूण तास आकड्यात, कामाचं स्वरूप, सही, शिक्का. माझ्या कागदावर 'दोन महिने समाधानकारक काम केले' एवढंच होतं. मला ते वाचून बरंही वाटलं होतं. राखीव निकालानंतर मी पुन्हा महाप्याला गेले तेव्हा सही करणाऱ्या बाई नोकरी सोडून गेल्या होत्या, नवीन माणूस म्हणाला, "तुम्ही इथे होतात याचा पुरावा काय?" शेवटी माझी नोंदवहीच कामाला आली. आईने ती रद्दीत घालायची बाजूला काढली होती.

पैसे भरून घरबसल्या सर्टिफिकेट मिळेल अशा जाहिराती येतील. व्हायवामध्ये (तोंडी परीक्षेत) "तुमचा मेंटर कुठल्या मजल्यावर बसायचा?" एवढ्या प्रश्नावर ती मुलं गडबडतात.

६. इलेक्टिव्ह आणि ऑनलाइन कोर्स

इलेक्टिव्ह निवडताना तिसऱ्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टकडे बघा, मित्रमंडळींकडे नको. स्वयम किंवा एनपीटीईएल या सरकारी पोर्टलवरचा ऑनलाइन कोर्स करून क्रेडिट धरायचे असतील तर नोंदणीआधी विभागाची लेखी संमती घ्या. कोर्स झाल्यावर आणलेलं सर्टिफिकेट फ्रेम करण्यापुरतं उरतं. एनपीटीईएलच्या परीक्षेची फी हजार रुपये, २५ मार्क असाइनमेंटचे आणि ७५ सेंटरवरच्या परीक्षेचे.

७. रिसर्च प्रोजेक्ट

दोन सेमिस्टर, दहा क्रेडिट. विषय ठरवायच्या आधी डेटा ठरवा. वर्गातल्या निम्म्या मुलांनी सिनॉप्सिसमध्ये (प्रोजेक्टच्या आराखड्यात) 'रुग्णालयातील नोंदींवरून निदान' असं भारदस्त काही लिहिलं, आणि कुठलंही रुग्णालय नोंदी देत नाही हे नोव्हेंबरात कळलं. मी रस्त्यावरच्या फोटोंमधले खड्डे ओळखणारं मॉडेल, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम, घेतलं. घोडबंदर रोडवर डेटाची टंचाई कधीच नव्हती.

मामाच्या रिक्षाच्या काचेला मोबाइल बांधून व्हिडिओ काढला, त्यातून साडेअकराशे फोटो वेगळे केले, प्रत्येकावर 'खड्डा आहे' किंवा 'नाही' अशी खूण केली. तीन आठवडे नुसत्या खुणा. मग मॉडेल शिकवलं आणि पहिल्याच फटक्यात ९७ टक्के अॅक्युरसी आली. मी पेढे वाटायच्या बेतात होते.

गाइड मॅडमनी एकच प्रश्न विचारला: "ट्रेन आणि टेस्ट वेगळे कसे केलेस?" मी फोटो पत्त्यांसारखे पिसून ऐंशी टक्के ट्रेनला (मॉडेल शिकवायला) आणि वीस टक्के टेस्टला (तपासायला) वाटले होते. व्हिडिओतून काढलेले फोटो ते, एकाच खड्ड्याचे लागोपाठ आठ-दहा फोटो. त्यातले सहा ट्रेनमध्ये, दोन टेस्टमध्ये. मॉडेल खड्डा ओळखायला शिकलंच नव्हतं, त्याने तो ठरावीक खड्डा पाठ केला होता. मग मी रस्त्याप्रमाणे वाटणी केली: घोडबंदरचे फोटो शिकवायला, कळवा नाक्याचे तपासायला. अॅक्युरसी ८१ वर आली. पावसात साचलेलं पाणी आणि झाडाची सावली, दोन्ही मॉडेलला खड्डेच वाटत होते. रिपोर्टमध्ये मी दोन्ही आकडे दिले आणि फरक का पडला त्यावर पाच पानं लिहिली. व्हायवाचा अर्धा वेळ एक्स्टर्नल त्या पाच पानांवरच बोलत होते.

तुमचा विषय कुठलाही असो, हे तीन प्रश्न स्वतःला आधीच विचारा. टेस्टचा डेटा ट्रेनमध्ये पाझरलाय का? अगदी साधी पद्धत वापरली असती तर किती आलं असतं? मॉडेल चुकतं ते नेमकं कुठे?

कामाची हत्यारं: कोडसाठी गिट, संदर्भांसाठी झोटेरो, लिहिण्यासाठी ओव्हरलीफ किंवा साधं वर्ड. लॅपटॉप जुना असेल तर गूगलचं ऑनलाइन कोलॅब आहे, पण फुकटचं सेशन जास्तीत जास्त बारा तास टिकतं आणि तुटलं की त्यातल्या फाइल गेल्या. दर काही फेऱ्यांनी मॉडेल ड्राइव्हवर साठवायची ओळ आधी लिहा, बाकीचा कोड नंतर. गिटवर रोज थोडं थोडं चढवा. काम तुमचंच आहे याचा त्याहून चांगला पुरावा नाही, आणि हल्ली तो विचारला जातो.

प्लेजरिझमबद्दल (दुसऱ्याचं लिखाण उचलण्याबद्दल) यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, २०१८ चा नियम आहे. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर कारवाई नाही. दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सादर करता येत नाही, साठच्या वर गेलं तर नोंदणी रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश यात धरत नाहीत. तपासणी शेवटच्या दिवसावर ठेवू नका. लिटरेचर सर्व्हेचं (आधीच्या संशोधनाच्या आढाव्याचं) प्रकरण झालं की लगेच एकदा करून घ्या, साम्य तिथेच निघतं.

संशोधनाचा पेपर नियतकालिकात छापायला सांगतील तेव्हा सावध राहा. 'तीन दिवसांत प्रकाशन, यूजीसी केअर मान्यताप्राप्त' असं म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवा. केअरची, म्हणजे मान्य संशोधन नियतकालिकांची, यादीच यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली.

८. ब्लॅक बुक

प्रोजेक्टचा बांधीव रिपोर्ट म्हणजे ब्लॅक बुक. काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. पानांचा क्रम, फॉन्ट आणि किती प्रती ते विभाग सांगतो. डावा समास दीड इंच ठेवा, नाहीतर ओळींची सुरुवात शिलाईत जाते. सर्टिफिकेटच्या पानाच्या तीन जादा प्रती छापून सह्या घ्या. एकावर चहा सांडतोच.

ठाणे स्टेशनजवळच्या गल्लीतल्या एका दुकानात मी बांधायला दिलं. काका अक्षरांचे खिळे चिमट्याने उचलून एकेक अक्षर पट्टीत लावत होते, उलटं, आरशातल्यासारखं. मी शेजारी उभी राहून व्हॉट्सअॅप बघत होते. गरम पट्टी रेक्झिनवर दाबली, सोनेरी पत्रा उचलला, आणि 'सायन्स' मधला एक 'सी' गायब. "ताई, वाचून बघा म्हटलं होतं ना," काका म्हणाले. म्हटलं होतं खरं. नव्या कव्हरचे पैसे मीच दिले. पट्टी लावून झाली की एक कागद मागा, त्यावर ठसा घ्यायला लावा आणि तो वाचा.

९. केटी लागली तर

केटी म्हणजे राहिलेला विषय. घाबरू नका, पण फॉर्म स्वतः भरा. केटीचा फॉर्म आपोआप भरला जात नाही, आणि ती तारीख नियमित मुलांच्या गडबडीत येऊन जाते. रिव्हॅल्युएशनची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात, मार्कशीट हातात आल्यापासून नाही. आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा, विषय शिकवणाऱ्या सरांना दाखवा, मगच पैसे घाला.

१०. निकालानंतर

फाइलमध्ये हे सगळं एकत्र असू द्या: चारही सेमिस्टरच्या मार्कशीट, पदवीची मार्कशीट आणि सर्टिफिकेट, प्रवेशाच्या आणि परीक्षेच्या फीच्या पावत्या, एलिजिबिलिटीचं पत्र, अपार आयडीचं पान, ओजेटीचं सर्टिफिकेट आणि नोंदवही, ब्लॅक बुकची सही झालेली प्रत. लायब्ररी आणि लॅबचा नो ड्यूज घ्या. एका परत न केलेल्या पुस्तकापायी लिव्हिंग सर्टिफिकेट अडकलेलं मी पाहिलंय. महाडीबीटीची शिष्यवृत्ती असेल तर दुसऱ्या वर्षी नूतनीकरण झालं होतं का तेही तपासा. नसेल तर कॉलेज आता उरलेली फी मागेल.

डिग्री सर्टिफिकेट आपोआप घरी येत नाही, दीक्षांत समारंभाचा अर्ज निघाला की भरावा लागतो. तोवर नोकरीसाठी प्रोव्हिजनल (तात्पुरतं) सर्टिफिकेट घ्या. परदेशी जायचं असेल तर ट्रान्सक्रिप्टचा अर्ज वेगळा. कलिन्याला जावंच लागलं तर ठाण्याहून मध्य रेल्वेने आणि नवी मुंबईहून हार्बरने कुर्ला, पश्चिमेला उतरून बस किंवा शेअर रिक्षा. सकाळी जा, मूळ कागद आणि दोन झेरॉक्स घेऊन. पेनही न्या, खिडकीवरचं पेन दोरीला बांधलेलं असतं आणि चालत नाही.

सर्टिफिकेट हातात आलं की घरातलं कुणीतरी ते लॅमिनेट करायला निघेल. आमच्या बाबांनी बारावीची मार्कशीट कौतुकाने प्लास्टिकमध्ये घालून आणली होती, आणि पुढे अटेस्टेशनच्या वेळी खिडकीवरून ती तशीच परत आली. या वेळी मी डिग्री कपाटात ठेवली, बाबांना रंगीत झेरॉक्स दिली, आणि ती त्यांनी लॅमिनेट करून टीव्हीच्या वर लावलीय.